राळेच्या रंगाचा साबण

नोव्हेंबर सरत आला की आमच्या न्हाणीघरात एक दिवस तो साबण येऊन बसतो. तपकिरी, आरपार दिसणारा, उजेडाकडे धरला तर मधासारखा. आमच्याकडे त्याला 'थंडीचा साबण' म्हणतात. तो आणायचं काम सुधीरचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात आली की संध्याकाळी तो पिशवीतून साबण काढतो आणि मोठी कामगिरी केल्यासारखा मला दाखवतो. "अगं, लाव की. हात बघ कसे फुटलेत तुझे." मी हो म्हणते आणि बेसनानं हात धुते. असे चौदा हिवाळे झाले. त्याला वाटतं, मला त्या साबणाचा वास आवडत नाही.

वासाचं काही नाही. तो साबण राळेसारखा दिसतो, म्हणून मी त्याला हात लावत नाही.

व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात. ते नुसते तारेवर फिरवले तर काही होत नाही, केस निसटतात. त्यांच्यावर राळेची वडी घासली की ते तार धरतात आणि स्वर निघतो. राळेऐवजी साबण घासला, तर गज लोण्यातून फिरावा तसा फिरतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर वाजवतेय. आवाज मात्र शून्य. मी हे एकदा केलं आहे. माझ्याच विद्यार्थिनीच्या गजावर, तिला न सांगता, ती मंचावर जाण्याच्या पाच मिनिटं आधी. आणि नंतर तिच्याशी खोटं बोलले. ती मुलगी, वैशाली, रविवारी माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाला येणार होती. या वेळी खरं सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

नाशिकच्या एका कॉलेजात मी सत्तावीस वर्षं संगीत शिकवलं. विभाग म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेमागच्या दोन खोल्या, एक जाजम, आणि पावसाळ्यात फुगून न लागणारा दरवाजा. विद्यापीठाच्या स्पर्धांसाठी दरवर्षी वाद्यवृंद बसवायचा, तोही माझ्याकडेच. परदेशी वाद्यवृंदात काठी घेऊन उभा राहतो तो माणूस लोकांना माहीत असतो. माझ्याकडे काठी नव्हती. मी पोरांसमोर खाली बसून दोन्ही हातांनी सांगायची. माझे हात बोलतात आणि डोळे ओरडतात, असं पोरं म्हणत. मागे आणखीही बरंच म्हणत असतील. मी चिडकी आहे. बेसूर ऐकलं की माझ्या दाताला कळ जाते, हे मी कधी लपवलं नाही.

थंडी ही वाद्यवृंद बसवणाऱ्याची वैरीण. डिसेंबरात सकाळी सातला पोरं जमत. कुणी मफलरमधून फक्त नाक बाहेर काढलेलं, कुणी चहाच्या ग्लासाला बोटं लावून बसलेलं. त्या गारठ्यात सतारीच्या तारा आखडून चढतात आणि बासरी उतरते. एक वर जाते, दुसरी खाली, आणि मध्ये मी. यंदाचा बासरीवाला इम्रान तर बासरी स्वेटरच्या आत, पोटाशी घालून येतो. परवा मी म्हटलं, "अरे, ती बासरी आहे की मांजराचं पिल्लू?" तो म्हणाला, "मॅडम, हिला थंडी वाजली की ही रुसते." थंडीत वाद्यं रुसतात हे खरंच आहे. त्याच खऱ्याच्या आड मी माझं खोटं लपवलं होतं.

वैशाली देवळ्याची. घरी कांद्याची शेती, आणि घरात कुणी कधी व्हायोलिन पाहिलेलं नाही. कॉलेजात आल्यावर तिनं ते पहिल्यांदा जवळून पाहिलं आणि मला विचारलं, "मॅडम, हे मला येईल का?" एकोणिसाव्या वर्षी व्हायोलिन सुरू करणं म्हणजे उशीरच. पण ती सकाळी पावणेसातला येऊन जाजम अंथरायची, सगळ्यांची वाद्यं ओळीनं मांडायची, आणि उरलेल्या वेळात एकच स्वर घासत बसायची. तिचे हात बाराही महिने थंड असत. राळेची वडी माझ्या हातातून घेताना तिची बोटं लागली की मी दचकायची.

दीड वर्षात ती चौथ्या व्हायोलिनपर्यंत आली. चौथं व्हायोलिन म्हणजे मागे बसून लांब लांब स्वर भरायचे. त्या वर्षी मी यमनमध्ये एक रचना बांधली होती. तिच्यात एके ठिकाणी सगळं थांबतं आणि चारही व्हायोलिनं तीव्र मध्यमावर येऊन उभी राहतात. बराच वेळ. ऐकणाऱ्याचा श्वास अडकेपर्यंत. मग पंचम, आणि सगळा वाद्यवृंद सुटतो. अख्खी रचना त्या एका मध्यमावर उभी होती, आणि वैशालीचा मध्यम उतरायचा. फार नाही, केसभर. पण शांततेत केसभरसुद्धा काट्यासारखं रुततं. तीन आठवडे मी तिचं बोट धरून जागेवर ठेवलं. माझा हात होता तोवर मध्यम जागेवर असायचा. हात काढला की पुन्हा खाली.

त्या तीन आठवड्यांतली एकही सकाळ मला नीट आठवत नाही, फक्त तो स्वर आठवतो. भाजी चिरताना, स्कूटरवर सिग्नलला थांबल्यावर, तोच. विभाग आठ वर्षं एकही बक्षीस आणू शकला नव्हता. मला ते बक्षीस हवं होतं. विभागासाठी वगैरे आपण म्हणतो. मला हवं होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिला सांगता आलं असतं की, बाई गं, त्या जागी गज उचलून धर. पण यादी गेलेली होती, मंचावर तितकी माणसं बसायलाच हवी होती, आणि तिचे वडील गाडी करून येणार होते. भाऊ, काकू, शेजारचे दोघं, सगळे. तिला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. आणि मला माझ्या गुरुजींनी हसत हसत सांगितलेली गोष्ट आठवली. त्यांच्या तरुणपणी मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनवाले कमी पडले की नुसते बसवायला माणसं आणत आणि त्यांच्या गजाला साबण लावत. "मंच भरलेला दिसतो, आणि सूर बिघडत नाही!" गुरुजी मांडीवर थाप मारून हसले होते. मीही हसले होते. पण त्या माणसांना ते ठाऊक असायचं.

घरी येऊन मी थंडीच्या साबणाचा तुकडा कापला. राळेच्या वडीएवढा, तितकाच चपटा. कडा ब्लेडनं गोल केल्या. राळेच्या फडक्यासारख्याच फडक्यात बांधला. ते करताना माझे हात इतके स्थिर होते की आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

आमच्या विभागाची एक पद्धत होती. मंचावर जाण्यापूर्वी सगळ्यांच्या गजाला राळ मी लावायची. गुरुजी आम्हाला लावून देत, म्हणून मी पोरांना. त्यात आशीर्वादासारखं काहीतरी असायचं. पोरं ओळीनं येत, गज दोन्ही हातांवर आडवा धरून पुढे करत. त्या दुपारी पडद्यामागे तीन गजांना मी राळ लावली. मग खिशात हात घालून दुसरं फडकं काढलं. वैशालीनं गज पुढे केला आणि मान खाली घातली. मी साबण वरून खाली, खालून वर, आठ-दहा वेळा फिरवला. तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला.

पडदा उघडल्यावर मी तिच्याकडे पाहणार नाही असं ठरवलं होतं, तरी पहिल्याच आवर्तनात पाहिलं. तिला कळलं होतं. गज फिरतोय आणि खालून काहीच येत नाही, हे वाजवणाऱ्याला कळल्यावाचून कसं राहील? तिचे डोळे एकदम मोठे झाले. तिनं गज दाबून पाहिला, मग हलका केला, मग पुन्हा दाबला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हातानं खूण केली, चालू ठेव. आणि तिनं चालू ठेवलं. साडेनऊ मिनिटं तिनं शेजारणीच्या गजाबरोबर गज वर नेला, खाली आणला, चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. मध्यम आला. इतका स्वच्छ की सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. आम्ही पहिले आलो.

बाहेर तिचे वडील, आण्णा, धावतच आले. डोक्याला उपरणं, हातात पेढ्यांचा पुडा, आणि डोळे भरलेले. "मॅडम, मला यातलं काय कळत नाय. पण एवढ्या वाजंत्र्यांत मला आमच्या पोरीचाच आवाज ऐकू येत व्हता. खरं सांगतो! आमनी पोर भारी शे!" मी पेढा तोंडात घातला.

वैशाली सगळे पांगल्यावर आली. गज माझ्यापुढे धरला. "मॅडम, माझं वाजलंच नाय. काहीच नाय वाजलं. मी काय चूक केली?"

तेव्हा सांगायचं होतं. तेवढाच क्षण होता. मी म्हणाले, "थंडीनं होतं गं असं. तुझे हात फार गार आहेत ना, अशा हातांना थंडीत राळ धरत नाही. एखाद्याला असतं तसं. तुझी काही चूक नाही. गज दे, मी साफ करून आणते." आणि गज मी ठेवून घेतला, कारण हुंगला असता तर तिला कळलं असतं. केस बदलून आठवड्यानं परत दिला.

एखादी व्हायोलिन शिकणारी मुलगी असल्या गोष्टीवर विश्वास ठेवेल का, असं कुणालाही वाटेल. पण आमच्या गाण्याबजावण्याच्या माणसांत गुरूनं सांगितलेलं कुणी तपासून पाहत नाही. मीच कुठे पाहिलं होतं? गुरुजींनी सांगितलं म्हणून मी पस्तीस वर्षं गुरुवारी तार बदलत नाही. असं का, हे मला माहीत नाही. वैशालीच्या गजानं पुढे थंडीतही घरी नीटच साथ दिली असणार. पण 'एखाद्याला असतं तसं' हे वाक्य असं आहे की ते खोटं पाडता येत नाही. आज वाजलं म्हणून उद्या मंचावर वाजेलच कशावरून?

ती एम.ए. झाली, नांदगावला शाळेत संगीत शिक्षिका झाली. दिवाळीला फोन, गुरुपौर्णिमेला फोन. तिचा मध्यम कधीच जागेवर आला असणार, कारण तिच्या शाळेची मुलं सुरेल वाजवतात असं ऐकायला यायचं. एकदा आकाशवाणीच्या चाचणीचं पत्र आलं तिला. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "गेलेच नाही मॅडम. जानेवारी होता. गज बोलला नाही तर?" मी फोन ठेवून दिला. आणखी एकदा असंच झालं, त्र्यंबकेश्वरच्या एका संगीत सभेला तिनं नाही म्हटलं. मग मी विचारायचं सोडून दिलं. आपल्याला उत्तर माहीत असलं की प्रश्न विचारायला फार जड जातं.

विभागात त्या स्पर्धेचा मोठा फोटो आहे. चार व्हायोलिनं, चार गज, एकाच कोनात. नवी पोरं तो बघून म्हणतात, काय शिस्त आहे! त्यातला सगळ्यात सरळ गज तिचा आहे.

या आठवड्यात गुरुवारी तिचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "मॅडम, मी आठ मुलं घेऊन येतेय. ती तुमची यमनची रचना वाजवतील. फक्त एक विचारायचं होतं, कार्यक्रम उन्हात घेता येईल का? अंगणात? यंदा गारठा फार आहे."

"आणि तू? तू वाजवशील ना?" मी विचारलं.

"मी नाही मॅडम. तुमचा निरोप आहे, त्यात माझ्यामुळे विचका नको."

फोन ठेवला तेव्हा माझा कान गरम झाला होता. सुधीरनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. चौदा वर्षं मी त्यालाही काही नाहीच म्हणत आले होते.

रविवारी सकाळी प्रयोगशाळेमागच्या पायऱ्यांवर ऊन आलं होतं. अकराला कार्यक्रम, आणि साडेदहाला वैशाली मुलांना घेऊन उतरली. चेहरा भरलाय आता, केसात एखादी पांढरी बट. पाया पडली. मी तिच्याशी बोलायला तोंड उघडलं आणि मुलांच्या हातांकडे लक्ष गेलं. प्रत्येक गजाला लोकरीची पिशवी होती. जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून शिवलेल्या, लाल, निळ्या, एक पट्ट्यापट्ट्याची. मुलं हात काखेत घालून ऊब घेत होती. ओळीत, शिस्तीत, काहीतरी विधी असावा तशी.

एक मुलगी मात्र पायरीवर बाजूला बसली होती. नऊ-दहा वर्षांची, नाव रुबिना. व्हायोलिन मांडीवर, गज पिशवीतच. मी विचारलं, "तू नाही वाजवणार?"

तिनं दोन्ही तळवे माझ्यापुढे केले. "माझे हात थंडच ऱ्हातात. ताई म्हनल्या, एखाद्याला आसतं तसं. मी उन्हाळ्यात वाजवते."

माझंच वाक्य. शब्द न् शब्द. ते माझ्याकडून वैशालीकडे गेलं होतं, आणि वैशालीकडून या पोरीकडे. ही मोठी झाली की आणखी कुणाकडे जाईल. मी पायरीवर बसले आणि वैशालीला म्हटलं, "इकडे ये. मुलांना तिकडे राहू दे जरा."

सांगायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. चौदा वर्षं ज्याचं ओझं वाहिलं ते एवढंसंच होतं. साबण. मी कापला, मी लावला. थंडीचा काही संबंध नाही, तुझ्या हातांचा नाही. मध्यम उतरत होता आणि मला जिंकायचं होतं. मी तिच्याकडे बघून बोलायचं ठरवलं होतं, पण बोलले ते तिच्या चपलांकडे बघून.

तिकडे इम्रान बासरी फुंकून बघत होता, तेवढाच आवाज. मला वाटलं, ती उठून जाईल. जायला हवं होतं तिनं. मी मनात म्हणत होते, बोल, ओरड, काहीतरी कर.

शेवटी तिनं विचारलं, "मॅडम, मग त्या दिवशी माझा मध्यम बरोबर लागत होता का?"



"माहीत नाही," मी म्हणाले. "मी ऐकलाच नाही. ऐकायला उरूच दिला नाही."

"म्हणजे कुणालाच माहीत नाही." ती म्हणाली. "आण्णा अजून सांगतात पाहुण्यांना. एवढ्या वाद्यांत मला तिचाच आवाज येत होता म्हणून."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते असतं तर मला सोपं गेलं असतं. ती उठली, रुबिनाजवळ गेली, आणि तिच्या गजावरची लोकरीची पिशवी काढून आपल्या खांद्यावर टाकली. "ऊठ. ओळीत बस. तू पन वाजवायचं हाय."

"पन ताई, हात थंड हायत."

"असू दे. माझेबी हायत."

मग तिनं स्वतःच्या पेटीतून व्हायोलिन काढलं. उभ्यानंच सूर जुळवले. मी इतक्या वर्षांच्या सवयीनं एक हात पुढे केला, तळवा वर, तिचा गज घ्यायला. दुसऱ्या हातात राळेची वडी कधी आली, मलाच कळलं नाही. कार्यक्रमाला पंधरा मिनिटं होती, आणि मंचावर जाण्यापूर्वी राळ मी लावायची, हे हातांना पाठ होतं.

वैशालीनं गज दिला नाही. तो तिनं आपल्या अंगाशी धरला.

"राळ द्या, मॅडम. मी लावते."

मी वडी तिच्या हातावर ठेवली. तिची बोटं लागली, तशीच गार. तिनं वडी उन्हाकडे धरून पाहिली, नाकाशी नेली, हुंगली, आणि मगच गजाला लावली. माझ्याकडे न बघता. वरून खाली, खालून वर, सावकाश. मी रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

मग तिनं गज तारेवर टेकवला, बोट मध्यमावर ठेवलं, आणि मी ऐकू लागले.